नावांचा कागद

ह्या अंकाच्या पोरांनी लेख मागितला. म्हणाले, "काका, नामांतरावर लिहा. तुम्ही मराठवाड्यातले. सगळं डोळ्यांनी बघितलं असंल."

मी गप्प बसलो. कारण मी काहीच बघितलं नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला, वस्त्या पेटल्या, माणसं मारली गेली, तेव्हा मी बर्मिंगहॅमला होतो. सरकारी शिष्यवृत्तीवर धातूशास्त्र शिकत होतो. आणि एका शनिवाराआड फुटबॉलच्या मैदानाबाहेर उभा राहून प्रोग्रॅम विकत घेत होतो.

न बघितलेल्या आगीवर मी लेख लिहिणार नाही. त्या दोन वर्षांचं माझ्यापाशी जे आहे ते एका पत्र्याच्या पेटीत आहे. वर बाबासाहेबांचे ग्रंथ, खाली एकतीस प्रोग्रॅम. त्यांच्यावर लिहितो. दोस्त हो, वाचा, नाहीतर पान उलटा.

प्रोग्रॅम म्हणजे आपल्याकडं जलशाचा असतो तसला नाही. इंग्लंडात मॅच असली की मैदानाच्या रस्त्यावर कोपऱ्याकोपऱ्याला माणसं उभी राहायची. गळ्यात पिशवी, हातावर चोपड्यांची चळत, तोंडात एकच आरोळी, "प्रोग्रॅम!" शेवटचं अक्षर लांबवून, आपल्या यष्टीच्या स्टँडवर शेंगावाला ओरडतो तशी. थोड्याच पानांची चोपडी. आत मॅनेजरचं मनोगत, पाहुण्या संघाची माहिती, मागच्या मॅचचे फोटो, बिअरच्या नि मोटारींच्या जाहिराती. आणि मधल्या पानावर नाहीतर पाठीवर ती खरी गोष्ट : इकडच्या अकरा जणांची नावं, तिकडच्या अकरा जणांची नावं, खाली रेफरी आणि दोन लाइन्समन. बाकी सगळं भरताड.

हे काम जुनं आहे. १८८० च्या सुमाराला नुसतं एक कार्ड किंवा एक कागद असायचा, नावं छापलेला. १८८२ च्या एफ. ए. कप फायनलचा असला एक कागद २०१३ साली लिलावात ३५,२५० पौंडांना गेला. महायुद्धात कागदाची टंचाई आली तेव्हा पुन्हा एका कागदावर गाडी आली. लिव्हरपूल शहरात तर एव्हर्टन आणि लिव्हरपूल ह्या दोन वैऱ्यांचा मिळून एकच प्रोग्रॅम १९०४ पासून तीस वर्षं निघत होता. आपल्या रिपब्लिकन गटांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे. तीस वर्षं एका कागदावर!

मी स्वतः विकणारा होतो. औरंगाबादला नागसेनवनात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर सायक्लोस्टाईल अंक हातावर घेऊन ओरडलोय. शाई हाताला, हात सदऱ्याला. घेणारा माणूस पैसे द्यायच्या आधी पहिलं पान उलटून कुणाकुणाची नावं आहेत ते बघतो, हे मला तिथं कळलं. म्हणून बर्मिंगहॅममध्ये पहिल्यांदा ती आरोळी ऐकली तेव्हा पाय आपोआप थांबले. आपल्या धंद्यातला माणूस लांबून ओळखू येतो.

तो दिवस वाईट होता. सप्टेंबर १९७७. मी खोली शोधत फिरत होतो. आपल्याच देशातला एक घरमालक. चांगला बोलला, चहा दिला. मग आडनाव विचारलं. सांगितलं. त्याला त्यातून काही उमगलं नाही. मग गाव विचारलं. मग "तुमच्यात देव कुठला" असं आडवळणानं विचारलं. मी म्हणालो, आम्ही बौद्ध. कप खाली ठेवायच्या आत खोली दुसऱ्याला देऊन झाली होती. मी सात समुद्र ओलांडून आलो, पण साली जात माझ्या आधीच्या विमानानं येऊन बसली होती.

चालत सुटलो. हँड्सवर्थ ओलांडलं तर गर्दी एका अंगाला वाहत होती. तिच्याबरोबर वाहत गेलो. द हॉथॉर्न्स. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचं मैदान. समुद्रसपाटीपासून इंग्लंडातलं सगळ्यात उंचावरचं मैदान म्हणून त्याची ओळख आहे, पण त्या दिवशी मला कसलाच चढ जाणवला नाही. तिकिटाला पैसे नव्हते. प्रोग्रॅमला होते. घेतला आणि बाहेर भिंतीला टेकून वाचत बसलो.

आत हजारो माणसं गरजत होती आणि मी बाहेर बसून ती कुणासाठी गरजतात त्यांची नावं वाचत होतो. रॉबसन, वाइल, कनिंगहॅम, रेजिस. कुठल्याच आडनावावरून मला काही कळेना. आधी नंबर, मग आडनाव, बस्स. मागं गाव नाही, खाली जात नाही. अकराच्या अकरा नावं एकाच टायपात, एकाच मापात. त्या दुपारी मला ते किती बरं वाटलं ते ज्याला आडनाव सांगून खोली नाकारली गेली आहे त्यालाच कळेल.

मी भोळा होतो. तिथं आडनाव वाचायची गरजच नसते, कातडी लांबून दिसते, हे अजून कळायचं होतं.

त्या काळी मॅच संपायला पंधरा-वीस मिनिटं उरली की लवकर निघणाऱ्यांसाठी मैदानाची दारं उघडत. तेव्हा कुणीही फुकट आत शिरावं. पहिलं वर्ष मी असाच शिरलो. हातात प्रोग्रॅम धरलेला असला की हटकायला कुणी येत नसे. शेवटच्या पंधरा मिनिटांचा फुटबॉल मी पुष्कळ बघितलाय. पहिल्या पंधरा मिनिटांत काय होतं ते मला वर्षभर ठाऊक नव्हतं.

आता एक गंमत सांगतो, म्हणजे त्या कागदाची ताकद कळेल. मैदानाच्या कोपऱ्यात एक मोठा फळा होता. त्याच्यावर थ्रॉसल पक्ष्याचा पुतळा, ते ह्या क्लबाचं चिन्ह. हाफटाइमला त्या फळ्यावर दुसऱ्या गावांत चाललेल्या मॅचचे आकडे लागत. पण गावांची नावं नसत. नुसतं ए, बी, सी, डी आणि प्रत्येक अक्षरासमोर दोन आकडे. ए म्हणजे कुठली मॅच, बी म्हणजे कुठली, ते फक्त प्रोग्रॅममध्ये छापलेलं. बहुतेक सगळ्या मैदानांवर तेव्हा हीच रीत होती. फळा सगळ्यांना दिसे. पण ज्याच्या हातात कागद त्यालाच तो वाचता येई. बाकीचे शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकावत. फळा समोर आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात! आपल्याला हे इंग्लंडात जाऊन शिकायची गरज नव्हती, पण मी मात्र पहिल्यांदाच किल्लीवाल्यांच्या बाजूला उभा होतो. शेजारचा गोरा माझ्या हाताकडं बघत विचारायचा, "जी कुठली?" मी सांगायचो. खोटं बोलत नाही, छाती फुगायची.

काही क्लब प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात टोकन छापत. ती कापून एका तक्त्यावर डकवायची. कप फायनलसारख्या मोठ्या मॅचची तिकिटं कमी, माणसं फार. मग ज्याचा तक्ता भरलेला त्याला आधी तिकीट. तू वर्षभर थंडीपावसात आला होतास ह्याचा पुरावा म्हणजे ती चिठोरी. मँचेस्टर युनायटेडच्या लोकांनी तर टोकनासाठी राखीव संघाच्या मॅचचेही प्रोग्रॅम घेतले. कागद दाखव, मगच तू होतास. आपल्याकडं जातीच्या दाखल्याला आज्याचा शाळेतला दाखला मागतात. आज्याला शाळेत बसूच दिलं नाही, तर तो दाखला कुठून आणायचा? असो. विषय प्रोग्रॅमचा आहे.

दुसऱ्या वर्षी, १९७८ च्या ऑगस्टपासून, पोटाला चिमटा घेऊन तिकीट काढू लागलो. उभ्याचं तिकीट, बर्मिंगहॅम रोडच्या बाजूचं. सिमेंटच्या पायऱ्या, मधे लोखंडी दांडे, खुर्ची नाही. तिथं एक म्हातारा भेटला. स्मेदिकच्या एका फाउंड्रीत त्याचा जन्म गेलेला. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. मी ओतकामाचंच शिकत होतो. ती बोटं कशी गेली असतील ते हात बघून कळलं. त्याची इंग्रजी शहरी नव्हती, निम्मी मला कळायची नाही. म्हणून मी ती माझ्याच बोलीत लिहितो.

पहिल्याच दिवशी त्यानं आपला प्रोग्रॅम आणि एक जाड बुटकी पेन्सिल माझ्या हातात कोंबली. "लिही."

प्रोग्रॅम आठवड्याच्या मधेच छापून होतो. शनिवारपर्यंत कुणाचा पाय मुरगळतो, कुणाला ताप येतो. मग मॅचच्या आधी लाउडस्पीकरवर बदल सांगतात : सात नंबरला अमुक नाही, तमुक. हजारो माणसं एकदम माना खाली घालतात आणि पेन्सिलीनं नाव खोडून वर दुसरं लिहितात. तो एक क्षण मला मॅचपेक्षा आवडायचा. मोठी परीक्षाच चालल्यासारखी. म्हाताऱ्याला बोटांमुळं बारीक लिहिता येत नव्हतं. तेव्हापासून त्याचे बदल मी लिहू लागलो. गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला, शेवटी आकडा. प्रोग्रॅम जमवणारे शौकीन असल्या लिहिलेल्या प्रतीला नाक मुरडतात. कोरी पाहिजे, पिनेला गंज नको, टोकन कापलेलं नको. किंमत लगेच उतरते. मला उलटं वाटतं. कोरा प्रोग्रॅम कुणीही घरी बसून घेतो. खाडाखोड केलेला प्रोग्रॅम म्हणजे माणूस तिथं उभा होता.

बाप लिहिता न येणारा. घरची पत्रं शेजारचं शाळेतलं पोरगं लिहायचं. ऑगस्टच्या शेवटी पत्र आलं. मी ते वसतिगृहावर फोडलं नाही. धीर झाला नाही. खिशात घालून मॅचला गेलो आणि पायऱ्यांवर उभ्यानं फोडलं.

"बापाचा जयभीम. घर गेलं. आमी समदे जित्ते हाव. म्हस सुटली ती घावली न्हाई. तुजी बुकं गेली. इद्यापीठाला साहेबाचं नाव द्याचं म्हून गाव उठलं. तू येऊ नगं. शिक."

एवढंच. पोरानं खाली आपली सही ठोकली होती.

म्हातारा म्हणाला, "घरचं?"

"हो."

"बरं हायती ना समदी?"

"हो," म्हणालो. काय सांगणार होतो? एका नावासाठी माझ्या बापाचं घर जाळलं, हे त्याला कुठल्या इंग्रजीत सांगायचं? लाउडस्पीकर सुरू झाला. त्यानं प्रोग्रॅम पुढं केला. मी दोन नावं खोडली, दोन लिहिली. मग पत्राची घडी करून माझ्या प्रोग्रॅममध्ये घातली. ती अजून तिथंच आहे. शाई आता पलीकडच्या पानाला लागली आहे.

ते वर्ष अल्बियनचं होतं. संघात तीन काळे खेळाडू एकदम, सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम, ब्रेंडन बॅटसन. इंग्लंडच्या वरच्या साखळीत दर मॅचला असं कुणी बघितलं नव्हतं. ३० डिसेंबर १९७८ ला ह्या संघानं मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच घरी ५–३ असं लोळवलं. कनिंगहॅम पळताना गवतावर पाय टेकवतो की नाही असं वाटायचं. रेजिस छातीवर बॉल घ्यायचा आणि दोन माणसं अंगावर घेऊन पुढं जायचा. पण बॉल त्यांच्याकडं गेला की पाहुण्या बाजूनं माकडाचे आवाज उठायचे. केळी यायची. हे मी ऐकीव सांगत नाही.

एका शनिवारी आलेल्या संघात एक काळा पोरगा होता. त्याच्या पायात बॉल आला आणि तोच आवाज उठला. ह्या वेळी आमच्या बाजूनं. माझ्या शेजारून. म्हातारा ओरडत होता. तोंड वर करून, गळ्याच्या शिरा फुगवून, माकडासारखा. मघाशीच त्यानं मला कागदात बांधलेली भाकरी दिली होती, म्हणजे त्यांचा पाव.

मी त्याच्याकडं बघितलं. तो ओशाळला नाही. समजूत घातल्यासारखं म्हणाला, "आपल्या पोरान्ला न्हाई. त्यांच्याला."

दोस्त हो, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. गावात पाटलाचा माणूस बापाला म्हणायचा, "तू चांगला हायेस, तुमच्यातली बाकीची माजली." कॉलेजात मित्र म्हणायचे, "तू त्यांच्यातला वाटत नाहीस." तेच वाक्य आठ महिने पॅन्टने झाकलेल्या थंड गुडघ्यांवर उभं राहून मी वेस्ट ब्रॉमविचला ऐकलं. औरंगाबादला मोर्च्यात मी पुढं असायचो, घोषणा मी द्यायचो. तिथं माझ्या हातात त्याची पेन्सिल होती. गोल झाला. त्यानं विचारलं, "कुनी केला?" मी नाव सांगितलं आणि लिहिलं. बाकी एक शब्द बोललो नाही. पुढच्या शनिवारीही त्याच्याच शेजारी जाऊन उभा राहिलो. दुसरी जागा नव्हती असं नाही. पण ओळखीचं माणूस तेवढं एकच होतं.

मी जमवलेल्या निरनिराळ्या क्लबांच्या त्या काळच्या चोपड्या मी कितीदा चाळल्या. गवताची निगा कशी राखतात त्यावर पान आहे. खेळाडूला जेवायला काय आवडतं ते आहे. त्या आवाजांवर ओळ नाही. हजारो माणसं एका सुरात काय ओरडतात ते सगळ्या मैदानाला ऐकू येत होतं, छापणाऱ्याला तेवढं ऐकू येत नव्हतं.

पण बाहेर फुटपाथवर छापणारे दुसरेही होते. नॅशनल फ्रंटची पोरं 'बुलडॉग' नावाचा अंक मैदानांच्या दाराशी विकत. मी एकदा दुसऱ्या गावाला गेलो होतो तेव्हा बघितला. प्रोग्रॅमवाल्यापासून दहा पावलांवर, तसाच उभा, तसाच हातावर गठ्ठा. आरोळीही तशीच. मला बघून त्यानं अंक छातीशी धरला आणि हसला. पुढं पुढं तर कुठल्या मैदानावरचे लोक काळ्यांना जास्त शिव्या देतात ह्याची स्पर्धाच तो अंक लावायचा. कागद कुणाचाही असतो. विकायला गळा लागतो, तो त्यांच्याकडंही होता.

त्याला उत्तर यायला वेळ लागला. १९८० नंतरच्या वर्षांत चाहत्यांनी स्वतःचे अंक काढले, टंकलिखित, झेरॉक्स केलेले, क्लबाला न विचारता. १९८७ मध्ये लीड्सला 'मार्चिंग ऑलटुगेदर' निघाला. वर्णद्वेष्ट्यांच्या विरोधात, लीड्सच्याच चाहत्यांनी, त्याच दारात उभं राहून वाटलेला. एक प्रत मला पुढं फार वर्षांनी जुन्या कागदांच्या ढिगात मिळाली. तिरके मथळे, पुसट अक्षरं. आपल्याच एखाद्या अंकाची चुलत बहीण. हातात घेतली आणि वाटलं, मी बोललो नाही ते इथं कुणीतरी बोलून गेलं आहे.

जॅक लेस्लीची गोष्टही मला उशिरा कळली. तो प्लिमथ अर्गाईलचा. १९२५ साली त्याला सांगण्यात आलं, इंग्लंडच्या संघात तुझी निवड झाली. थोड्याच दिवसांत यादी छापून आली तर त्या जागी दुसरंच नाव. मी काळा आहे हे निवडणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं, असं तो म्हातारपणी सांगे. नाव गेलं ते गेलंच. पुढं वेस्ट हॅममध्ये तो खेळाडूंचे बूट साफ करायला होता. इंग्लंडच्या मोठ्या संघात काळं माणूस खेळलं ते २९ नोव्हेंबर १९७८ ला, विव्ह अँडरसन, वेम्बली मैदानावर. मधे ५३ वर्षं. लेस्ली १९८८ मध्ये वारला. २०२२ ला प्लिमथला त्याचा पुतळा उभा राहिला आणि २०२३ च्या मार्चमध्ये इंग्लंडची टोपी त्याच्या घरच्यांच्या हाती दिली. नाव खोडायला एक पेन्सिल पुरते. परत लिहायला ९८ वर्षं लागली.

१९७९ च्या हिवाळ्यात बाजारातल्या एका स्टॉलवर मी एक प्रोग्रॅम बघितला. मँचेस्टर युनायटेड विरुद्ध शेफील्ड वेन्सडे, १९ फेब्रुवारी १९५८. त्याच्या तेरा दिवस आधी म्युनिकला युनायटेडचं विमान पडलं होतं. खेळाडू गेले, काही दवाखान्यात होते. मॅच तर खेळायची होती. पण कोण खेळणार ते छापायच्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी युनायटेडच्या बाजूला नावंच छापली नाहीत. अकरा जागा कोऱ्या सोडल्या. समोर शेफील्डचे अकरा, इकडं नुसत्या रेघा. स्टॅन क्राउदर नावाच्या खेळाडूची सही तर मॅच सुरू व्हायच्या तासाभर आधी झाली. जवळजवळ साठ हजार माणसं मैदानात होती. लाउडस्पीकरवर एकेक नाव सांगितलं आणि माणसांनी त्या कोऱ्या जागेत ते आपल्या हातानं लिहिलं.

स्टॉलवाल्याकडं दोन प्रती होत्या. एक कोरी, प्लास्टिकमध्ये. एक लिहिलेली. लिहिलेली स्वस्त, तरी मला न परवडणारी. हातात घेऊन बघू दिली. निळी शाई, लहान मुलाचं अक्षर. क्राउदरचं स्पेलिंग चुकलेलं. शेवटची दोन नावं वाकडी गेलेली. हात गारठला असेल, नाहीतर दुसरं काही. मी विचारलं, "ही स्वस्त का?" तो म्हणाला, "कुणीतरी खराब केलीय."

खोलीवर येऊन मी बापाला पत्र लिहिलं. काय लिहिलं ते आठवत नाही. गावची कोण कोण माणसं कुठं आहेत, त्यांची नावं त्या पोराकडून लिहून पाठव, एवढं मागितल्याचं आठवतं. नावं आली. एकेक घराची. ती यादीही पेटीत आहे, ती कधीतरी वेगळी छापू. पोरांनो, हा वायदा समजा.

मे १९७९ मध्ये माझी शेवटची मॅच. लेन कँटेलो नावाच्या जुन्या खेळाडूसाठी मदतीची मॅच होती. आणि संघ कसे पाडले? एका बाजूला सगळे गोरे, दुसऱ्या बाजूला सगळे काळे. रेजिस, कनिंगहॅम, बॅटसन आणि दुसऱ्या क्लबांतून बोलावलेले. आज कुणी असं करायला धजणार नाही. तेव्हा ती गंमत होती. काळ्यांचा संघ ३–२ नं जिंकला. म्हातारा नेहमीच्या जागी होता. मी त्याला सांगितलं, पुढच्या महिन्यात घरी निघालो. त्यानं नावांच्या दोन रांगांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि डोळे मिचकावून म्हणाला, "तुला कुटल्या बाजूला लिवू?"

मी हसलो नाही.

"नाव काय तुजं?"

वर्षभर शेजारी उभं राहून त्यानं हे विचारलं नव्हतं. मी दचकलो. आपल्याला हा प्रश्न विचारला की पोटात गोळा येतो, कारण पुढचे दोन प्रश्न पाठ असतात. मी आडनाव सांगितलं आणि वाट बघत राहिलो. त्यानं पेन्सिल थुंकीनं ओली केली, त्या तीन बोटांत धरली आणि विचारलं, "स्पेलिंग?"

मी एकेक अक्षर सांगितलं. त्यानं गिरवलं. दोन्ही रांगांच्या मधोमध, पिनेजवळ. दोन अक्षरं चुकवली. मग तो प्रोग्रॅम मला दिला आणि माझा स्वतःकडं ठेवून घेतला. त्या ओरडण्याबद्दल मी त्याला कधी काही विचारलं नाही. विचारायचं राहून गेलं असं म्हणालो तर खोटं होईल. विचारलं नाही.

कनिंगहॅम त्याच उन्हाळ्यात रिआल माद्रिदला गेला. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, मोटारीच्या अपघातात मेला. रेजिसला १९८२ मध्ये इंग्लंडच्या संघात घेतलं तेव्हा टपालानं बंदुकीची गोळी आली. तो २०१८ च्या जानेवारीत गेला. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लिश फुटबॉल लीगच्या क्लबांनी मतदान करून प्रोग्रॅम छापायची सक्ती उठवली. कुणी घेत नाही, खर्च निघत नाही, सगळं फोनवर मिळतं. विद्यापीठाला नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला, तेही अर्धं जुनं ठेवून. बाप तोवर राहिला नव्हता.

२०२२ च्या ऑक्टोबरात मुलीकडं बर्मिंगहॅमला गेलो होतो. ती तिथं दवाखान्यात नोकरीला आहे. वेस्ट ब्रॉमविचच्या बाजारपेठेत त्या तिघांचा पुतळा २०१९ मध्ये उभारलाय, तो बघितला. मग म्हणालो, मॅचला जाऊ. उभ्याच्या पायऱ्या केव्हाच गेल्या, आता सगळीकडं खुर्च्या. प्रोग्रॅम विकणारी एक पोरगी होती. ती ओरडत नव्हती. मी सुटे पैसे काढले तर म्हणाली, रोख नको, कार्ड. मुलीनं कार्ड टेकवलं.

जागेवर बसून चोपडी उघडली. गुळगुळीत, जाड, रंगीत. अकरा नावं कुठंच नव्हती. पाठीवर दोन्ही क्लबांच्या सगळ्या खेळाडूंची लांबलचक यादी, हवा तो उतरवा. लाउडस्पीकर सुरू झाला. आजूबाजूला कुणी मान खाली घातली नाही.

"पेन आहे का गं?"

"पप्पा, सगळं फोनवर येतं," म्हणाली, पण पर्समधून पेन काढून दिलं. मी यादीत एकेका नावापुढं खूण करू लागलो. लाउडस्पीकर घुमत होता, माझे कानही आता पहिल्यासारखे नाहीत. चौथं नाव निसटलं, मग सातवं. हात थांबला.

तिनं चोपडी आणि पेन माझ्या हातातून घेतलं.

"द्या इकडं. मी लिहिते."